शून्यासाठी जागा

छपाईची रांग दाखवणारा एक चिमुकला प्रोग्राम.
दिवसातून दोनदा कुणी हाक मारली तर मारली,
एरवी यंत्राच्या अडगळीत पडून.
पण कमरेला मालकाच्या किल्ल्यांचा जुडगा,
कारण प्रिंटरला हात लावायचा तर अधिकार लागतो
असं एकोणनव्वद साली कुणीतरी ठरवलेलं.

पत्र आलं योएन्सूहून, एका विद्यार्थ्याचं.
धमकी नाही, बक्षिसाची भाषा नाही.
"प्रिंटरचं नाव दोनशे अक्षरांचं दिलं
तर हा प्रोग्राम कोसळतो.
तीच दोनशे नीट निवडून दिली
तर कोसळत नाही,
मी सांगेन ते करतो."
खाली सही, आर्त्तु. आणि सहीखाली:
स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत त्रास दिला, क्षमस्व.

औलूमध्ये संध्याकाळचे सहा.
अंधार चार तास जुना झालेला.
समोरच्या घरांच्या खिडक्यांत दोन-दोन मेणबत्त्या लागताहेत
आणि हिल्क्का ती ओळ शोधते आहे.

सापडते.
चौसष्ट खणांची पेटी,
ओतणारा हात डोळे मिटून.
जे मावत नाही ते सांडून गेलं असतं तर बरं,
गोम अशी की ते सांडत नाही,
शेजारी जातं.
आणि शेजारच्या खणात लिहून ठेवलेलं असतं
काम संपल्यावर परत कुठे जायचं ते.
बांध कोरत कोरत कुणी दुसऱ्याच्या वावरात शिरावं
आणि एका सकाळी
त्याच्या घराची वाटच बदलून ठेवावी,
तसं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे.
इथे अंथरूण घालणाऱ्यानेच
पाय पाहिले नव्हते.

ओळीच्या डोक्यावर त्याची टीप:
"एवढं लांब नाव प्रिंटरला कोण ठेवेल? – वेइक्को."
हिल्क्काला हसू येतं.
प्रश्न वाईट नव्हता.
तेव्हा इमारतीत प्रिंटर दोन, माणसं अकरा,
कोण कॉफीत किती साखर घेतं तेसुद्धा सगळ्यांना पाठ.
आजही हे भोक बाहेरच्या चोराच्या कामाचं नाही.
ज्याचं खातं आधीच आत आहे,
ज्याला आपण रोज सकाळी कॉफी विचारतो,
त्याच्याच कामाचं.

ती एक शब्द बदलते.
मोजून ओत, चौसष्टच्या वर नाही.
मग काय वाटतं कुणास ठाऊक,
केमीला फोन लावते.

वेइक्को ब्याऐंशीचा. कानाला यंत्र.
मागे टीव्हीवर मेजवानीचं बँडपथक.
"तुमच्या जुन्या ओळीत भोक सापडलं," ती मोठ्याने सांगते.
बँड वाजत राहतो.
तिला वाटतं, ऐकू गेलं नसावं.
"किती ठेवलंस?"
"चौसष्ट."
"आणि शून्य कुठे बसणार?"

हिल्क्का काही बोलत नाही.
चौसष्ट खणांत चौसष्ट अक्षरं टेकली
की शेवटचा तो,
नाव इथे संपलं एवढंच सांगणारा,
दाराबाहेर उभा.
आणि तो नसला की वाचणारा थांबत नाही,
पुढच्या खणातलं, त्याच्या पुढचं,
लोकांची खासगी पत्रंसुद्धा
त्याच दमात वाचून काढतो.

"त्रेसष्ट," ती म्हणते.
"हं," वेइक्को म्हणतो. "नदी गोठली का तुमच्याकडची?"
"कडेने."

दोनशे अक्षरं पुन्हा देऊन पाहते.
प्रोग्राम म्हणतो, नाव फार लांब आहे,
आणि किल्ल्या न वाजवता निघून जातो.
वेइक्कोची टीप ती पुसत नाही.
खाली स्वतःची ओळ घालते:
"कुणीतरी ठेवतंच. – हि."

आवृत्तीच्या शेवटच्या आकड्यात एकाची भर.
उद्या हजारो यंत्रं हा बदल उचलतील
आणि कुणाच्याही कपाळाला आठी पडणार नाही.

खिडक्यांतल्या मेणबत्त्या विझत आल्यात.
ती योएन्सूला उत्तर लिहायला घेते:
आभार. दुरुस्तीत तुझं श्रेय नोंदवायचं आहे.
नाव पूर्ण लिहून पाठव,
कितीही लांब असो.